घोटीचा मासा

कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला जरा दम खाते आणि तिथून निघाली की थोड्या वेळात घोटीची पाटी दिसते. मे महिन्यात भाचीला घेऊन नाशिकला चाललो होतो. पोरगी नुकतीच आठवीत गेलेली. खिडकीशी बसून वडापाव खाता खाता एकदम ओरडली, "मामा, मासा!"

मी बाहेर बघितलं. फलाट, चार माणसं, एक झोपलेलं कुत्रं. मासा कुठे?

"अरे मामा, पाटीवर! जी-एच-ओ-टी-आय. म्हणजे फिश."

कोडं जुनं आहे. रफ या शब्दाच्या शेवटी जी-एच असतं, त्याचा उच्चार फ. विमेनमध्ये ओ असतो, त्याचा उच्चार इ. नेशनमध्ये टी-आय असतं, त्याचा उच्चार श. तिन्ही तुकडे जोडले की घोटीचं फिश होतं. हा विनोद जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो, पण तो १८५५ सालच्या एका पत्रात आधीच सापडतो आणि शॉ जन्मला १८५६ मध्ये.

भाचीचं म्हणणं सरळ होतं: इंग्रजीला नियमच नाहीत, घोकायचं आणि पेपर लिहून मोकळं व्हायचं. मला तिला बोलायला तोंड नव्हतं. मीही 'डी ए यू, जी एच टी, ई आर, डॉटर' हे पाढ्याच्या चालीवरच पाठ केलंय. त्या चालीत मधलं 'जी एच टी' असं ठसक्यात यायचं की त्यातल्या दोन अक्षरांचा उच्चारच होत नाही, हे कित्येक वर्षं लक्षातही आलं नाही.

तरीही घोटीच्या कोड्यात लबाडी आहे. इंग्रजीत जी-एच शब्दाच्या सुरुवातीला आलं, तर त्याचा उच्चार ग होतो. फ कधीच नाही. फ होतो तो रफ, टफ, कॉफ, लाफ अशा शब्दांच्या शेवटी किंवा फार तर ड्राफ्टसारखा (ब्रिटिश स्पेलिंग डी-आर-ए-यू-जी-एच-टी) त-च्या आधी. म्हणजे नियम आहे. तो आपल्याला कुणी सांगितलेला नसतो, एवढंच.

आता प्रश्न असा, की नाइटमध्ये जी-एच म्हणायचंच नाही तर ते तिथे बसवलं कुणी आणि कशाला?

कारण एके काळी ते म्हणायचे. उर्दू बोलणारा माणूस 'खबर' किंवा 'खत' म्हणताना घशातून जो घासलेला ख काढतो, साधारण तसा आवाज जुन्या इंग्रजीत होता. रात्रीला ते 'निख्त' म्हणत, मुलीला 'दोख्तर'. तेव्हा हा आवाज ते नुसत्या एच-ने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि हळूहळू लिहिण्याचं काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हातात गेलं. त्यांच्या डोळ्यांना एच म्हणजे फारच मवाळ अक्षर. या घशातल्या खरखरीसाठी एच-च्या आधी जी लावायची पद्धत त्यांच्या काळात रुळली. चौदाव्या शतकात चॉसर कविता लिहीत होता तेव्हा सरदार या अर्थाचा नाइट हा शब्द 'क्निख्त' असा, सगळी अक्षरं वाजवून म्हटला जायचा. त्यातला के मुका नव्हता आणि जी-एचही नव्हतं.

मग १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापखान्याने स्पेलिंग हळूहळू गोठवत आणलं, पण बोलणारी तोंडं काही गोठली नाहीत. पुढच्या दोनेकशे वर्षांत घशातला ख बोलण्यातून गेला आणि कागदावर मात्र तसाच राहिला. के-चंही तेच झालं.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, कारण आपल्या भाषेत अगदी हीच घटना घडून गेलीय. संस्कृतातला सप्त प्राकृतात सत्त झाला आणि मराठीत सात. अष्टचा अट्ठ, मग आठ. हस्तचा हत्थ, मग हात. काय झालं ते नीट बघा: जोडाक्षरातला एक आवाज गळाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला, अ-चा आ झाला. इंग्रजीतही 'निख्त'मधला ख गळाला आणि इ-ची ई झाली, 'नीत' झालं. त्यानंतर इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर सरकले, ई-चा आय झाला, आणि आजचा नाइट तयार झाला.

फरक एवढाच, की आपण बोलणं बदलल्यावर लिहिणंही बदललं. इंग्रजांसारखं केलं असतं तर आज आपण 'सप्त' असं लिहून त्याचा उच्चार सात असा करत बसलो असतो आणि मुलांनी त्यातला प घोकला असता.

तेव्हा नाइटमधलं जी-एच अगदी बिनकामाचं नाही. आधीचा स्वर लांबल्याची ती खूण आहे. जी-एच काढून बघा: नजर या अर्थाच्या साइटचं सिट होतं, फाइटचं फिट, लाइटचं लिट. सरदारवाल्या नाइटचं तर निट, म्हणजे विणणं.

मग रफ आणि टफमध्ये फ कुठून आला? घरच्या घरी करून बघा. ओठांचा चंबू करा, उ म्हणायला करतो तसा, आणि तो न सोडता घशातून ख घासून काढा. हवा ओठांपाशी फुरफुरते आणि कानाला फॅनमधल्या फ-सारखं काहीतरी ऐकू येतं. उ आणि ओ या स्वरांना ओठ गोल होतात, त्यामुळे त्यांच्यामागून येणाऱ्या ख-चा काही भागांत फ झाला. इ आणि ए नंतर ओठ गोल नसतात, म्हणून नाइट, आठचा एट, वजनाचा वेट, उंच या अर्थाचा हाय या मंडळींत फ कधी आलाच नाही. तुम्हाला अनोळखी शब्द दिसला आणि जी-एच-च्या आधी आय असेल, तर बिनधास्त मुकं समजा.

ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी मात्र खरोखर छळ मांडलाय. थ्रू, दो, टफ, कॉफ, थॉट, झाडाच्या फांदीला बाउ, कसून केलेल्या कामाला थरो. स्पेलिंगचा शेपटा एकच आणि उच्चार सात. इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत त्या ख-ची वेगवेगळी वासलात लागली, आणि प्रमाण इंग्रजीने एका शब्दाचा उच्चार या गावचा उचलला, दुसऱ्याचा त्या गावचा. आपल्याकडेही वऱ्हाडी, कोल्हापुरी आणि मालवणी मिसळून एकच पाठ्यपुस्तक केलं असतं, तर दुसरं काय झालं असतं? एका शब्दाचं मात्र नशीब निघालं. ड्वार्फ, म्हणजे बुटका माणूस. त्याच्याही शेवटी असाच घशातला आवाज होता, त्याचाही फ झाला, पण त्याला उच्चाराप्रमाणे सरळ एफ मिळाला. इनफला नाही मिळाला.

आता मला यातला सर्वांत आवडणारा भाग. हे मुकं जी-एच ज्या अस्सल जुन्या शब्दांत आहे, त्यातल्या बऱ्याच शब्दांची भावंडं आपल्या घरात निघतात. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं म्हटलं, आणि इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जर्मानिक भाषांनाही त्याच घरात बसवलं.

नाइट घ्या. जर्मनमध्ये नाख्त, संस्कृतात नक्त. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदा जेवायचं, या व्रताला 'नक्त' म्हणतात, ते घरातल्या जुन्या बायकांना विचारा. त्या नक्तातला क म्हणजे नाइटमधलं जी-एच. फोर्टनाइट म्हणजे मुळात चौदा रात्री. आपला पंधरवडा पंधराचा, त्यांचा चौदाचा, आणि त्यांची मोजणी रात्रींची.

एट म्हणजे अष्ट. जर्मनमध्ये आख्त. राइट म्हणजे सरळ, बरोबर, त्याचा नातेवाईक ऋजु. डॉटर म्हणजे दुहिता. फारसीत मुलीला दुख्तर म्हणतात, उर्दू शेरांतून तो शब्द कानावरून गेला असेल. जुन्या इंग्रजीतला दोख्तर आणि फारसीतला दुख्तर शेजारी ठेवले, की मधल्या जी-एच-बद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

लाइटची गंमत तर विशेष. प्रकाश आणि हलका, या दोन अर्थांचे ते मुळात दोन वेगळे शब्द आहेत. दोघांतही घशातला ख होता, दोघांतला गळाला, आणि आज दोघांचं रूप एक झालंय. प्रकाशवाला लाइट संस्कृतातल्या चमकणे या अर्थाच्या रुच् धातूचा भाऊ. आपण 'लाईट गेली' म्हणतो ती ही. हलका या अर्थाचा लाइट मात्र लघुचा भाऊ. म्हणजे त्याच्या जी-एच-च्या जागी आपल्या लघुमधला घ आहे! अक्षरं जुळली हा योगायोग, पण आवाजाचं मूळ खरोखर एकच.

वे, म्हणजे वजन करणं, हा वह् धातूचा नातलग. वाहन, वाहणे यातला. मूळ अर्थ वाहून नेणं, त्यावरून उचलणं, आणि उचलल्यावर किती जड ते कळतं म्हणून वजन करणं. जहाजाचा नांगर उचलण्याला इंग्रजीत अजूनही 'वे अँकर' म्हणतात. शेतातल्या नांगराला प्लाउ म्हणतात आणि त्यालाही ब्रिटिश स्पेलिंगमध्ये जी-एच आहे, पण या दोन नांगरांचा संबंध फक्त मराठीत.

डो, म्हणजे मळलेली कणीक, याचं नातं दिह् या धातूशी: लिंपणं, थापणं, आकार देणं. त्यातूनच आपला देह आला. आणि लेडी हा शब्द मुळात 'पाव' आणि 'मळणारी' असे दोन शब्द चिकटून झालाय. म्हणजे तिच्यातही डो आहे, फक्त झिजून ओळखू न येण्याइतका.

शाळेत भूतकाळाची रूपं पाठ करताना बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट अशी रांग लागायची आणि बॉट की ब्रॉट यावर दरवर्षी कुणीतरी मार खायचं. इथे एक धागा धरला तर बरंच सोपं जातं. मूळ शब्दाच्या शेवटी ग, क असा आवाज होता. शब्द एकटा असताना तो आवाज झिजून कधी वाय झाला, कधी डब्ल्यू, कधी च. पण मागे टी येऊन बसला, की तो घशात अडकून ख झाला आणि लेखनात जी-एच म्हणून राहिला. म्हणून फ्लाय आणि फ्लाइट, ड्राय आणि ड्राउट, ड्रॉ आणि ड्राफ्ट, स्ले आणि स्लॉटर. स्लॉटर म्हणजे कत्तल, आणि तिच्यातला पहिला एस काढला की राहतो लाफ्टर, म्हणजे हसणं. इंग्रजीच्या गुरुजींनी हे मुलांना एकदा तरी फळ्यावर करून दाखवावं.

वर्कचं भूतकाळाचं जुनं रूप रॉट. रॉट आयर्न म्हणजे घडीव लोखंड. त्याच घरातला राइट, डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी, म्हणजे कारागीर. शिपराइट जहाज घडवतो, व्हीलराइट चाक घडवतो, आणि प्लेराइट नाटक घडवतो. नाटककाराच्या स्पेलिंगमध्ये लिहिण्याचा राइट टाकून भलेभले फसतात. इंग्रजीच्या हिशेबाने नाटककार हा सुतार-लोहारांच्या पंक्तीत बसलेला आहे, आणि तालमी बघितलेल्या कुणाला ते पटायला हरकत नसावी.

सगळेच जी-एच असे खानदानी नाहीत. काही तोतये आहेत. डिलाइट हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्यात घशातला ख कधीच नव्हता. सोळाव्या शतकात लाइटच्या नादी लागून त्याच्यात जी-एच घुसलं. हॉटी, म्हणजे गर्विष्ठ, तोही फ्रेंच, त्यालाही हे बाशिंग मागून बांधलं. आणि घोस्ट! भुताच्या त्या स्पेलिंगमधला एच कॅक्स्टनच्या छापखान्यातला. छापखाना काढण्याआधी त्याने बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये काढली होती, आणि त्या फ्लेमिश मुलखात ग लिहायला जी-एच वापरत. ती सवय खिळ्यांबरोबर इंग्लंडला आली. बाकी शब्दांतून हा एच पुढे निघून गेला, भुताला मात्र धरून बसला. भुतांचा स्वभावच तो.

शिवाय बाहेरून आलेले पाहुणे. इटालियनमध्ये इ आणि ए-च्या आधी ग हा ग-च राहावा, त्याचा ज होऊ नये, म्हणून मध्ये एच घालतात. स्पॅगेटी आणि घेटो त्या रस्त्याने आले. आणि आपल्याकडचे घाट आणि घी. यांच्यात जी-एच म्हणजे खराखुरा घ आहे, अक्षरागणिक वाजणारा. पण इंग्रजी जिभेला घ येत नाही, त्यामुळे तिकडे ते गाट आणि गी म्हणतात. म्हणजे जिथे हे जी-एच पूर्ण वाजवायला हवं, तिथेही त्यातला अर्धा भाग ते गिळतात.

क्रिकेट बघणाऱ्यांना स्टीव्ह वॉ आणि मार्क वॉ आठवत असतील. डब्ल्यू-ए-यू-जी-एच. त्यातला यू काढला की आपलं वाघ आडनाव उरतं. परदेशात राहणाऱ्या वाघांची हजेरीच्या वेळी काय अवस्था होत असेल, ते एखाद्या वाघालाच विचारायला हवं. मार्कला संघात 'अफगाण' म्हणायचे. ऑस्ट्रेलियन तोंडात वॉ आणि युद्धाचा वॉर सारखेच वाजतात; मोठा भाऊ स्टीव्ह आधीच खेळत होता, मार्कला बरीच वाट बघावी लागली, आणि अफगाणिस्तानातलं युद्ध म्हणजे लोकांच्या विस्मरणात गेलेलं वॉर. गंमत अशी की अफगाणमध्येही जी-एच आहे, आणि वॉ-मध्येही. एक वाजतं, एक वाजत नाही.

हे सगळं झाडून टाकायचे प्रयत्न झाले. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम सोडला. त्यात थ्रू आणि दो जी-एच-विना होते. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला, आणि काही महिन्यांत हुकूम गुंडाळला गेला. तरी अमेरिकेत नांगराचा प्लाउ आज डब्ल्यूने लिहितात आणि ड्राफ्टला साधा एफ पुरतो. उलट स्कॉटलंडमध्ये जुन्या माणसांच्या बोलण्यात तो घशातला ख अजून जिवंत आहे. रात्रीला ते 'निख्त' म्हणतात, उजेडाला 'लिख्त'. ते स्पेलिंगही तसंच लिहितात, आणि त्यातलं एकही अक्षर मुकं नसतं.

नाशिकला आजोळच्या घरी माळ्यावर पणजोबांची जमाखर्चाची वही आहे. दुपारी भाचीने ती उघडली. पहिल्याच पानावर 'नांव' होतं, खाली 'पांच रुपये', मग 'घरांत तेल आणिलें'. तिने टिंबांवर बोट फिरवलं.

"मामा, पणजोबांना शुद्धलेखन येत नव्हतं का?"

तिला सांगितलं, की तेव्हा हेच शुद्ध होतं. नामन् वरून नांव, त्यातला म गेला आणि उच्चारात नाकातला आवाज उरला. पञ्चवरून पांच, तिथेही तेच. मग तो नाकातला आवाजही प्रमाण मराठीतून गेला, टिंब उरलं, आणि पुढे कित्येक पिढ्या मुलं ते टिंब घोकत राहिली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही उच्चारात नसलेली टिंबं काढली. तेव्हापासून होडीची नाव आणि माणसाचं नाव एकसारखं लिहितात, लाइट आणि लाइटसारखं. कोकणीत मात्र नांव आणि पांच आजही नाकातून म्हणतात. गोव्यातली मामी फोनवर आकडे सांगते ते ऐक एकदा, म्हटलं.

तिने वही जवळ ओढली. 'पांच'वरचं टिंब नखाने खरवडून बघितलं, शाईचं होतं, गेलं नाही.

"म्हणजे हे लिहायचे, पण म्हणायचे नाहीत?"

"नाही."

"जी-एच?"

"जी-एच."